टेम्पो घेतला आणि सुनेचे दीड हजार बंद झाले

हे प्रकरण दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदराच्या पट्ट्यातल्या एका घराचं आहे, वाडीचं आणि माणसांची नावं देत नाही. तालुक्यात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम मी करतो, त्यामुळे या घराचे बहुतेक कागद माझ्या हाताखालून गेलेत, आणि कागद बघितले की घराचा जमाखर्चही कळतोच. हल्ली युनिव्हर्सल बेसिक इन्कमवर, म्हणजे गरीब-श्रीमंत न बघता प्रत्येकाला सरसकट दर महिन्याला ठराविक रक्कम देण्यावर, बरंच बोललं जातं. कोण म्हणतं लोक आळशी होतील, कोण म्हणतं गरिबी संपेल. या घरात मला वेगळीच अडचण दिसली, ती पैशाइतकीच अटींची आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

घर असं. दादा खलाशी, दुसऱ्याच्या बोटीवर वाट्याने जातात. वहिनी बंदरावर लिलावात मासळी घेऊन आजूबाजूच्या गावांत टोपलीने विकतात, उरलेली सुकवतात. दादांची आई, सगळे आजी म्हणतात, त्यांना श्रावणबाळचे, म्हणजे राज्याच्या म्हातारपणाच्या पेन्शनचे, महिन्याला १५०० येतात. मोठा मुलगा नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत, गणपतीला आणि शिमग्याला येतो, जमेल तेव्हा पैसे पाठवतो. धाकटा मुलगा, सून आणि त्यांची छोटी मुलगी घरीच. रेशनकार्ड सगळ्यांचं मिळून एक, केशरी.

जमीन आहे पण नाही अशी. सातबारा सामाईक, त्यावर मुंबईतल्या काका-पुतण्यांची नावं, वारलेल्या दोघांची नावं अजून तशीच, आणि दादांचं नाव चढलेलंच नाही कारण वारसनोंद झाली नाही, आणि वारसनोंद झाली नाही कारण सगळे एकत्र येऊन कागद करायला कुणाला वेळ नाही. कोकणात हे घरोघर आहे. त्यामुळे २०१९ पासून पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये इतरांच्या खात्यात पडत असताना भात प्रत्यक्षात लावणाऱ्या या घराला त्यातलं काही नाही. ही पहिली अट, सातबाऱ्याची, आणि ती या घराने योजना सुरू व्हायच्या आधीच हरलेली होती.

आता वर्षाचं गणित. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यानंतरही नारळी पौर्णिमेपर्यंत बरेच जण थांबतात. त्या काळात दादांचं उत्पन्न शून्य, वहिनींच्या टोपलीत ताजं काही नाही, आणि खर्च मात्र सगळे याच वेळेला, शाळेचं, कौलं-ताडपत्रीचं, आणि पाऊस लागला की घरात कोणीतरी आजारी पडतंच. हे दोन-अडीच महिने निघतात उचलीवर. उचल म्हणजे बोटमालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, ती पुढच्या सीझनच्या वाट्यातून कापून घेतात. त्यावर व्याज कोणी लावत नाही. पण उचल अंगावर असेपर्यंत दुसऱ्या बोटीवर जाता येत नाही, आणि वाटा कमी लावला तरी तोंड उघडता येत नाही. दादांचा मालक माणूस म्हणून वाईट नाही, अडीनडीला तोच उभा राहतो, पण दादा वर्षानुवर्षं त्याच बोटीवर का आहेत याचं खरं कारण ही उचलच आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे आले, जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३०००, वहिनींना आणि सुनेला दोघींना. अट अशी की वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखाच्या आत, घरात कोणी इन्कम टॅक्स भरणारं नको, सरकारी नोकर नको, आणि ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. उत्पन्नाचा दाखला काढायची गरज नव्हती, पिवळं किंवा केशरी कार्ड असलं की पुरे. या घराला सगळ्या अटी बसत होत्या. आजींचे १५०० धरून घरात महिन्याला ४५०० रुपये ठरलेले येऊ लागले. या घरात ठरलेलं असं आधी काहीच नव्हतं हे लक्षात घ्या, दादांचा वाटा मासळीवर, मासळी वाऱ्यावर, मोठ्याचे पैसे त्याच्या कंपनीवर. रक्कम लहान आहे हे खरंय, रोजगार हमीवर २०२४-२५ ला रोजची मजुरी २९७ रुपये होती, म्हणजे १५०० रुपये जेमतेम पाच दिवसांची हमीवरची मजुरी. पण उधारी देणारा दुकानदार, बचत गटाची अध्यक्ष, डॉक्टर या सगळ्यांना "पैसे येणार आहेत" असं खात्रीने सांगता येणं, यानेच घरातलं बोलणं बदललं.

दिवाळीच्या सुमारास धाकट्याने टेम्पो घेतला. सेकंडहँड, छोटा चारचाकी, कर्जावर, हप्ता साडेआठ हजार. आधी तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता, हर्णैहून मासळी घेऊन दापोली, खेड, मंडणगड अशी लाईन मारायचा. डोकं लावून घेतलेला निर्णय होता, घरात सगळ्यांनी बसून ठरवलेला, आणि हप्ता बसतो का हे बघताना बायकोचे दीड हजार त्यांनी हिशोबात धरले होते.

पुढे फेब्रुवारी २०२५ ला अंगणवाडी सेविकांकडे चारचाकीवाल्या घरांच्या याद्या आल्या, पडताळणी सुरू झाली. सुनेचे पैसे जानेवारीपर्यंत आले, नंतर बंद. नियमाप्रमाणे बरोबरच झालं, नवऱ्याच्या नावावर चारचाकी आहे. वहिनींचे चालू राहिले, कारण कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं अशी व्याख्या आहे आणि मुलगा विवाहित. पण एकाच कार्डावर नावं असल्यामुळे आपलेही जातील या भीतीने वहिनी कितीतरी दिवस माझ्याकडे फेऱ्या मारत होत्या. सून मला म्हणाली, "काका, टेम्पो बँकेचा हाय, आमचा कुठं झाला अजून?" याला मी काय उत्तर देणार होतो. आरसी बुकवर बँकेचा बोजा चढवलेला आहे, तो कागद मीच स्कॅन केला होता. पण फॉर्ममध्ये चारचाकी आहे की नाही एवढंच विचारतात, कर्ज किती हा रकाना नाही.

त्याच वाडीत एका घरी स्वतःची बोट आहे. बोट चारचाकी नाही. कार्ड केशरी आहे. त्या घरच्या बाईंचे पैसे चालू आहेत, आणि त्यांचे बंद व्हावेत असं मला मुळीच वाटत नाही, डिझेल आणि जाळी यांत त्या घराचीही ओढाताण मी बघतो. फक्त एवढंच म्हणतोय की टेम्पोवाला श्रीमंत आणि बोटवाला गरीब असं ठरवणारी चाळणी किनाऱ्यावर चालत नाही. ती जिथे कुठे बसून बनवली तिथे चारचाकी म्हणजे फिरायची गाडी असेल. इथे ती मजुराने मालक व्हायला उचललेलं पहिलं पाऊल आहे, आणि नेमकं त्या पावलाला दंड बसला.

परिणाम काय झाले तेही सांगतो. घरात रेशनकार्ड वेगळं करायची चर्चा सुरू झाली, टेम्पो मित्राच्या नावावर करावा का असंही निघालं. मी नको म्हटलं, अपघात झाला तर विम्याचे वांधे होतील. पण विचार करा, सरळ चालणारी माणसं, अट चुकवायला नावं फिरवायच्या विचाराला लागली. दुसरीकडे सरकारने जुलै २०२५ मध्ये सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र वाटल्यामुळे थांबवले आणि त्यात १४ हजारांहून जास्त पुरुषसुद्धा निघाले. म्हणजे चाळणीतून नको ते आत गेले आणि हवे ते बाहेर पडले, दोन्ही झालं.

मग आली ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, सप्टेंबर २०२५ पासून. बाईचा आधार ओटीपी, आणि शिवाय नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार ओटीपी. आता दादांचा आधारला जोडलेला मोबाईल दादांसोबत बोटीवर. सीझनचे दिवस, बोट बाहेर गेली की परतेपर्यंत रेंज नाही. वहिनी दुकानात बसलेल्या, मी वेबसाइट उघडून बसलेलो, ओटीपी समुद्रात. दादा बंदरावर उतरले की फोन करायचा, तोवर सर्व्हर डाऊन, मग परत दुसऱ्या दिवशी. शेवटी एकदा बोट लागलेली असताना भल्या पहाटे फोनवर नंबर घेऊन काम झालं. मुदत १८ नोव्हेंबरची होती ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली म्हणून बऱ्याच जणींचं निभावलं. ज्यांचा नवरा वारलाय त्यांचे हाल मी वेगळे लिहीत नाही.

आता पैसे गेले कुठे. सुनेला जुलै ते जानेवारी सात महिन्यांचे १०,५०० मिळाले. थोडे बचत गटाच्या थकलेल्या हप्त्यांना गेले, थोडे मुलीच्या दवाखान्याला, आणि ४००० तिने बाजूला ठेवले. एप्रिल-मे मध्ये जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, स्वस्त असतो तेव्हा तिने तो भरपूर घेतला. अंगणात जुनी जाळी अंथरून वाळवला, दोन कडक उन्हं पुरतात, तिसऱ्या दिवशी वाळू-कचरा निवडून चाळला, आणि प्लास्टिकच्या दुहेरी पिशव्यांत अर्धा-अर्धा किलो भरून तोंडं मेणबत्तीवर वितळवून बंद केली, म्हणजे पावसात दमट होत नाही. जून-जुलैमध्ये ताजी मासळी नसते तेव्हा तोच जवळा नवऱ्याच्या टेम्पोतून खेडच्या बाजारात. टेम्पो तेव्हा तसाही रिकामाच होता. पहिल्याच वर्षी घातलेले पैसे सुटून वर बऱ्यापैकी उरले, आणि त्या वर्षी दादांची उचल नेहमीच्या निम्म्यावर आली. दादांनी बोट काही बदलली नाही, पण वाट्याचा हिशोब मांडून दाखवा असं त्यांनी मालकाला पहिल्यांदा म्हटलं. मालकाने दाखवला. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे.

आळशी होण्याचं म्हणाल तर इथल्या एका बागायतदारांशी माझं यावर बरंच बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, पैसे सुरू झाल्यापासून लावणीला बायका मिळत नाहीत, काजू-आंब्याच्या कामालाही नखरे. सून त्यांच्याकडे दरवर्षी लावणीला जायची, २०२५ ला गेली नाही, हे खरंय. पण ती घरी बसली नव्हती, खेडच्या बाजारात जवळा विकत होती. त्यांना मजूर कमी पडला हे त्यांचं नुकसान खरं आहे आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. पण कोकणात मजुरांची टंचाई लाडक्या बहिणीने आणली नाही, माणसं मुंबईला गेली त्याला पिढ्या झाल्या, आंब्याच्या बागांतून नेपाळी कामगार किती वर्षांपासून राबतायत ते त्यांनाही माहीत आहे. मध्य प्रदेशात २०११ च्या सुमारास ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रयोग केला होता, मोठ्या माणसाला महिन्याला आधी २०० आणि मग ३०० रुपये, मुलांना निम्मे, कसलीच अट नाही. तिथेही हेच दिसलं, दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून लोक स्वतःच्या शेतावर, स्वतःच्या धंद्यावर जास्त राबायला लागले. फिनलंडने २०१७-१८ मध्ये दोन हजार बेरोजगारांना महिन्याला ५६० युरो देऊन बघितले, तिथेही लोकांनी काम सोडलं नाही, उलट किंचित वाढलंच.

एवढं सगळं बघून मी सरसकट पैसे देण्याचा भक्त व्हायला हवा. पण दोन-तीन गोष्टींवर मी अडतो.

एक तर दादा. सरसकट म्हणजे दादांच्या खात्यातही पैसे. वहिनींना मी सहज विचारलं की दोघांना मिळाले तर चांगलंच ना, तर त्या पटकन म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या खात्यात गेले की गेले. माज्या खात्यात आले म्हंजे घरात आले." दादा काही रोज पिणारे नाहीत, पण बंदरावर उधारी असते, माणसं असतात. मध्य प्रदेशच्या प्रयोगात दारूचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही असं सांगतात, असेल, तरी वहिनींचं म्हणणं मी बाजूला टाकणार नाही.

दुसरं म्हणजे रेशन. सरसकट रोख देण्याच्या बाजूने बोलणारे बरेच जण हळूच पुढचं वाक्य जोडतात की मग बाकीच्या योजना बंद करून टाका. याला माझा ठाम विरोध आहे. आपल्याच राज्यात २०२३ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डावरच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये देणं सुरू झालं. आधी माणशी पाच किलो मिळायचं, म्हणजे किलोला ३० रुपये धरले. दुकानात त्या भावात काय मिळतं ते घर चालवणाऱ्या बाईला विचारा. आणि एकदा ठरलेली रोख रक्कम महागाईबरोबर वाढत नाही, हा तर आपला पक्का अनुभव आहे. केंद्राच्या म्हातारपणाच्या पेन्शनमधला वाटा ऐंशीच्या आतल्यांसाठी २०० रुपये आहे, आणि तो २००७ पासून २०० च आहे. पाच किलो तांदूळ मात्र दहा वर्षांनीही पाच किलोच भरतो. दवाखान्याचंही तेच, रात्री छातीत दुखायला लागलं तर दीड हजार घेऊन कुठे जाणार, जवळ डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्सच हवी, ती काही खात्यात जमा होत नाही.

आणि पैसा. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला साधारण ९ कोटी ७० लाख मतदार होते, तेवढ्या सगळ्यांना महिन्याला १५०० द्यायचे तर वर्षाला पावणेदोन लाख कोटीच्या आसपास जातात. राज्याचं २०२५-२६ चं बजेट ७ लाख कोटीचं. म्हणजे चौथा हिस्सा. त्या बजेटमध्ये लाडक्या बहिणीला ३६ हजार कोटी ठेवले होते आणि महसुली तूट तेव्हाही ४५ हजार कोटीच्या वर दाखवलेली. १५०० चे २१०० करायचं निवडणुकीतलं आश्वासन अजून तसंच आहे, ते याच्यामुळेच. कर्ज काढून हे करायला मी हो म्हणणार नाही.

मग मधला रस्ता काय. देशात हा विषय सगळ्यात आधी सरकारी कागदावर नीट मांडला २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत, अरविंद सुब्रमण्यन तेव्हा मुख्य आर्थिक सल्लागार होते. त्यात माणशी वर्षाला ७६२० रुपये, आणि सगळ्यांना नाही तर ७५ टक्के लोकांना, असं धरून खर्च जीडीपीच्या ४.९ टक्के काढला होता. वरच्यांना वगळायचं कसं, तर एक सुचवणी अशी होती की मोटारगाडी, एसी असल्या मालमत्तेवरून. सुनेचा टेम्पो असल्याच विचाराने अडकला, दिल्लीत बसून हा मुद्दा अगदी रास्त वाटत असणार.

माझं मत असं झालंय की ज्या गोष्टीची पक्की यादी सरकारकडे आधीच आहे तेवढीच अट ठेवावी. इन्कम टॅक्स भरणारे पॅनवर दिसतात, सरकारी पगार घेणारे पगाराच्या सिस्टीममध्ये दिसतात. त्यांना वगळा, ते ओरडणारही नाहीत. बाकी चारचाकी, कार्डाचा रंग, सातबारा, नवऱ्याचा ओटीपी, हे सगळं काढून टाका आणि २१ च्या वरच्या प्रत्येक बाईला द्या, ६५ ला बंद करण्यातही अर्थ नाही, फक्त श्रावणबाळ घेणाऱ्यांना दुबार नको. राज्यात बायका मतदार ४ कोटी ६९ लाख होत्या, एकालाही न वगळता धरलं तरी वर्षाला ८४ हजार कोटी होतात, म्हणजे २०२५-२६ ला ठेवलेल्या ३६ हजार कोटींच्या दुपटीहून जास्त. एवढे एकदम नसतील तर रक्कम महिन्यांवर वेगळी बसवा. किनाऱ्यावर गरज जून ते सप्टेंबर जास्त असते, विदर्भात पेरणीला असते. बारा महिने १५०० देण्यापेक्षा त्या चार महिन्यांत जास्त आणि एरवी कमी दिले तर माझ्या मते उचलीवर जास्त असर पडेल. मी वाडीत विचारलं तेव्हा बायकांमध्ये यावर दोन तट पडले, काहींना दर महिन्याचं ठरलेलंच हवं होतं कारण गटाचा हप्ता दर महिन्याला असतो. त्यामुळे याच्यावर मी अडून बसत नाही. अटींवर मात्र बसतो.

त्या घराचं आत्ता असं आहे. वहिनींची केवायसी झाली, पैसे येतात, तारीख मागेपुढे होते. सुनेने वेगळ्या रेशनकार्डाचा अर्ज केलाय, त्याने दीड हजार परत येणार नाहीत हे मी तिला स्पष्ट सांगितलं, तरी सासूचे तरी सुरक्षित राहतील म्हणून तिने केला. टेम्पोचे हप्ते थकलेले नाहीत. जवळ्यासाठी यंदा ती गटातून दहा हजार व्याजाने उचलणार आहे, आणि वहिनी आपल्या खात्यातले दोन महिन्यांचे त्यात घालणार आहेत.